दुसऱ्याची आई

एका बाईच्या दानाची गोष्ट सांगताना गोरे सरांचा गळा दाटून यायचा, आणि तोही दर वेळी एकाच शब्दावर. 'तिनं मागे वळूनही पाहिलं नाही' यातल्या 'मागे'वर. मग रुमाल निघायचा. देवासला मारुतीच्या देवळामागच्या खोलीत ते रविवारी मुलांचा संस्कारवर्ग घेत आणि मी मदतीला जाई. पहिल्यांदा मीही रडले होते. पाचव्यांदा किळस आली.

"फिर क्या हुआ, सर?" असं एखादं मूल म्हणालं की सर डाफरत, "मराठीत विचार, भिया! खोटं आणि हिंदी, माझ्या वर्गात दोन्ही चालणार नाही." हा 'भिया' मात्र तिकडच्या हिंदीतलाच.

गोष्टी मात्र त्यांच्या नव्हत्याच. देवळाचा नैवेद्य रांधणाऱ्या सुमनमावशी अमझेरा गावच्या. भाजी चिरता चिरता त्या गोष्टी सांगत आणि सर दाराशी बसून वहीत उतरवून घेत. "लिहून ठेवतो मावशी, नाहीतर हे सगळं बुडून जाईल." त्यातली एक मावशींच्या आईची होती. बाजारात कुणा भिल्ल बाईचं चांदीचं कडं आईच्या टोपलीत पडलं, तर ते परत द्यायला ती दूरच्या गंधवानी गावापर्यंत पायी गेली.

पुस्तक निघालं. त्यावर नाव एकट्या सरांचं. मुद्रितं मीच तपासली होती आणि गप्प बसले होते, हेही सांगून टाकते. प्रकाशनाच्या दिवशी सरांनी कड्याची गोष्ट काढली आणि म्हणाले, "ती बाई म्हणजे माझी आई!" टाळ्या पडल्या. मावशी पोह्यांच्या बशा घेऊन तिथेच उभ्या होत्या.

कार्यक्रम संपल्यावर मी सरांना गाठलं. "सर, ती मावशींची आई."

"अहो ताई, मुलांवर संस्कार झाले ना? आई कुणाची, याला काय अर्थ?" असं म्हणून त्यांनी स्वतःला मिळालेली शाल मावशींच्या खांद्यावर टाकली. "घ्या. आपला हात देणाऱ्याचा."

मावशींनी शाल काढली, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवली. "सर, आईचं नाव तुम्ही घेतलं नाही, अच्छा झालं. तुमच्या तोंडी नको ते."

त्या दिवसापासून मी वर्गाला जाणं सोडलं. मावशींना त्यांच्या आईचं नाव मात्र विचारून घेतलं.

यंदा सर गेले. शोकसभेत कुणीतरी म्हणालं, "ताई, सरांच्या आईची ती गोष्ट सांगा."

मी उठले. म्हणाले, "ही गोष्ट अमझेऱ्याच्या जमनाबाईंची. सर त्यांचे कुणी नव्हते."