तोडणीच्या वेळेचं दुखणं

"अँजिओग्राफी क्लीन आली म्हणे," काकू डॉक्टरांच्या दाराजवळ काकांना हळू आवाजात सांगत होती. "म्हणजे नेहमीचंच. ताईंना बरं तोडणीच्या वेळेलाच दुखतं."

आई माझ्या शेजारी बाकावर बसली होती. तिनेही ऐकलं असणार. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

निर्मळ गावात आमची सोनचाफ्याची झाडं आहेत. फुलं उजाडायच्या आत तोडावी लागतात, बाजाराला जाणारा टेम्पो कोणासाठी थांबत नाही. आईच्या छातीत दुखायचं ते नेमकं त्याआधी, अंथरुणात. घाम फुटायचा, डावा हात जड व्हायचा आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप थांबायचं. मग ती उठून शिडीवर चढायची, टोपली भरायची. हृदयाचं असतं तर चढली असती का, असं काकू विचारायची.

मी इंग्रजी शाळेतली, म्हणून रिपोर्ट माझ्या हातात यायचे. "वाचा मॅडम," काका म्हणायचे. मी 'नॉर्मल' असं वाचायचे आणि आई मान खाली घालायची. वर्षभर एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाऊन आम्ही दोघी थकलो होतो. बाबा बोटीवर नोकरीला, त्यामुळे आज काका-काकू सोबत आले होते.

आत बोलावल्यावर डॉक्टरांनी आईच्या छातीला दिवसरात्र लावलेल्या, ठोके नोंदणाऱ्या यंत्राचा कागद आमच्यापुढे ठेवला. पहाटेच्या भागात रेषा एकदम वर गेली होती.

"ब्लॉकेज नाही," ते म्हणाले. "रक्तवाहिनी अचानक आवळते आणि पुन्हा सुटते. तपासणीच्या वेळी ती सुटलेली होती, म्हणून काही दिसलं नाही."

"कशानं होतं असं?" आईने विचारलं.

"रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं. त्याने ती सैल राहते. काही जणांच्या जीनमध्ये, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या जनुकात, थोडा फरक असतो, त्यांच्यात हा वायू कमी पडू शकतो. तेवढ्यानेच दुखणं येतं असं नाही, पण शक्यता वाढते. जिभेखाली ठेवायची गोळी देतो, ती हीच कमतरता भरून काढते."

"म्हणजे शेवटी गॅसच ना," काका म्हणाले.

आईला हसू आलं. डॉक्टरांना नाही.

"पण डॉक्टर, नंतर ह्या शिडीवर चढतात की," काकू म्हणाली.

"चढतील. हे श्रमाने येणारं दुखणं नाही. स्वस्थ पडलेल्या माणसाला होतं."

"मशीनपण चुकतंच कधीकधी," काकू पुटपुटली. आईचं हसू गेलं. घरी गेल्यावर काय काय बोललं जाईल ते मला आत्ताच ऐकू येत होतं, आणि तिलाही.

डॉक्टरांनी पेन उचललं. "घरात आणखी कोणाला असा त्रास?"

"नाही," आई म्हणाली.

"नाही हो," काकू म्हणाली. "आमच्याकडे ह्या एकट्याच."

पावसाळा संपल्यापासून मी पहाटे जागी होत होते, छातीवर कोणी गुडघा रोवल्यासारखं वाटून. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर बाईचं काय होतं ते मी रोज घरात पाहत होते. उद्यापासून दोघींना मिळून टोमणे ऐकावे लागतील, हेही ठाऊक होतं. पण 'एकट्याच' हा शब्द ऐकून आईने पुन्हा मान खाली घातली होती.

"मलाही होतं," मी म्हणाले. "पहाटेच. आई सांगते अगदी तसंच."