कुंदाच्या घरची खिरापत

आश्विनातली सकाळ. गवतावर दव, हवेत जराशी शिरशिरी. वलगावच्या वाटेवरल्या मळ्यात पार्बताबाई उजाडता उजाडता झेंडू तोडून पाटी भरायची. पाटी फुलवाल्याकडे टाकली, की नात शकुनचं बोट धरून गल्लोगल्लीची लेकरं गोळा करत ती अमरावतीच्या बालवर्गात हजर.

वर्ग प्रमोदिनीबाईंचा, एकोणीसशे अडतीस सालचा. बाई शिकून आलेल्या. मणी, ठोकळे, गाणी यांतून शिकवायच्या. पार्बताबाई तिथं आया. तिला अक्षर येत नव्हतं, पण रडकं लेकरू कोणाशेजारी बसवलं की गप्प होतं, हे तिलाच ठाऊक. दोन पोरं भोवऱ्यावरून भांडली, की ती दुसरा भोवरा लपवून ठेवायची. "एकच हाय. फिरवा बारीबारीनं. मी पाहून राहिली."

खोली हरिहरराव वकिलांच्या बंगल्यामागची. त्यांची पाच वर्षांची कुंदा वर्गात यायची. तीन महिने झाले, तोंडातून शब्द नाही. एके दिवशी वकील दारात उभे राहिले.

"घरी ही पोर कोर्ट चालवते आणि इथं मुकी. काय उपयोग तुमच्या खेळाचा? दसऱ्यापर्यंत बोलली नाही, तर खोली मी माझ्या मुनशीला राहायला देणार, बाई."

प्रमोदिनीबाईंचा चेहरा उतरला. पार्बताबाईनं शकुनकडे पाहिलं. वर्ग मोडला की शकुन पुन्हा बांधावर, ढेकळं फोडत.

दसरा चार दिवसांवर होता. वऱ्हाडात हे दिवस भुलाबाईचे. पोरी संध्याकाळी गाणी म्हणतात, मग झाकला डबा हलवून आतली खिरापत ओळखतात. ज्या घरची खिरापत, त्याच घरच्या पोरीनं चूक की बरोबर ते सांगायचं.

पार्बताबाई कुंदाजवळ उकिडवी बसली. "माय, उद्या खिरापत तुह्या घरची. कोणाले सांगू नको. मले बी नाई."

दुसऱ्या दिवशी कुंदा पितळी डबा पोटाशी धरून आली. मागे वकील, हात पाठीशी बांधून.

"डोये झाका सारे," पार्बताबाई म्हणाली. पोरांनी तळहात डोळ्यांवर ठेवले. आता कुंदानं मान हलवली तरी दिसणार कोणाला? पार्बताबाईनं डबा घेऊन प्रत्येकाच्या कानापाशी हलवला. आवाजच नाही.

"फुटाणे," उद्धव म्हणाला.

कुंदानं नुसती मान हलवली.

"मुरमुरे?" त्यानं पुन्हा विचारलं. "काहून बोलत नाई वं?"

कुंदा गप्प. वकील खाकरले. प्रमोदिनीबाई पदराचं टोक पिळत होत्या.

शकुननं कान डब्याला चिकटवला. "आजी, काईच वाजत नाई. रिकामा हाय डबा. वकिलाच्या घरी खाऊ नाई काय?"

पार्बताबाई चरकली. वकिलांसमोर, आणि आपल्याच नातीच्या तोंडून. ती शकुनला दटावणार, तोच कुंदा ताडकन उठली.

"रिकामा नाहीये. भरलाय. काठोकाठ."

"मंग वाजत काहून नाई?"

"दाबून भरलाय म्हणून. मी भरलाय. ओळख ना."

"शिरा?"

"चूक."

"पुरण?"

"चूक. हरलो म्हणा सगळे, मगच उघडते."

"हरलो बाप्पा," शकुन म्हणाली. "उघड आता. भूक लागली."

गूळ-तूप घालून मळलेलं सातूचं पीठ निघालं. कुंदानं पहिला गोळा शकुनच्या हातावर ठेवला आणि वर ऐकवलं, "तुझ्या घरची आण उद्या. मी एका दमात ओळखते."

"अक्षर मात्र एक नाही शिकली," वकील म्हणाले.

"शिकंल, सायेब," पार्बताबाई म्हणाली. "विचारायले आता तोंड उघडलं न तिचं."

वकिलांनी मिशीवरून बोट फिरवलं. "मुनशीची सोय दुसरीकडे बघतो, बाई," एवढं प्रमोदिनीबाईंना सांगून ते कोर्टाला निघून गेले. प्रमोदिनीबाई तिथंच चटईवर टेकल्या.

पोरांचे हात तुपानं बरबटलेले. उद्धव ते भिंतीला पुसायच्या बेतात होता. पार्बताबाईनं त्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं बादलीत लोटा बुडवला आणि सगळ्यांना पायरीवर ओळीनं उभं करून एकेकाच्या ओंजळीत पाणी घालू लागली.