दिघाशीच्या अंगणवाडीत वेल्श

आईच्या बोलीत बोललं म्हणून तुम्ही कधी आपल्या मुलाला गप्प केलंय का?

हा प्रश्न छापलेली पत्रकं पिशवीत कोंबून मी सकाळीच भिवंडीच्या निजामपुऱ्यातून दिघाशी गावाला निघाले. माझी मावसबहीण रंजनाताई तिथे अंगणवाडी चालवते आणि मुलांशी गावच्या बोलीत बोलते. पालकांनी सभा बोलावली होती: ताईनं शुद्ध बोलावं, नाहीतर मुलं पाठवणार नाही.

शेलार गावापाशी रिक्षा कंटेनरांमागे अडकली. जीव टांगणीला. मी फोनवर वेल्शचा धडा लावला. वर्षभर शिकतेय. धडे फुकट, मुलांच्या गोष्टी आहेत, रेडिओही ऐकता येतो.

"ये कौन सी जुबान है, मॅडम?" रिक्षावाल्या चाचांनी विचारलं.

"कम्राईग (वेल्श लोक आपल्या भाषेला हेच म्हणतात). इंग्लंडला लागून वेल्स आहे, तिथली."

"अंग्रेज के बाजू में रह के बचाई? कमाल है!"

सभेत मी पत्रक वाचायला घेतलं. "बोलीभाषांचे संवर्धन ही आपली सामूहिक जबाबदारी..."

"आमचे बोलीसाठी आलीस न् बोलतेस मास्तरनीवानी!" सुनीता नावाची एक आई उठली. "तुला तरी येते का न्हाय? मंग आमचे पोरींनीच का बोलावी?"

हशा पिकला. माझे कान तापले. माझी आई याच गावची, आणि मी आयुष्यभर तिला दुरुस्त करत आले.

पत्रक पिशवीत गेलं. अडखळत, आईच्या बोलीत मी सांगू लागले. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. दुसरं कुणी बोललं की पाटी त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ती ज्याच्याकडे, त्याला छडी. आज तिथे वेल्शमधून बालवाड्या चालतात. शिकणारे छातीवर 'मी वेल्श शिकतोय' असा बिल्ला लावतात, म्हणजे दुकानदार लगेच इंग्रजीवर येत नाही.

माझ्या चुकांवर बाया हसत होत्या, पण उठून कुणी गेलं नाही.

"माझे पोरीला भिवंडीत हसतील, त्याचा काय?" सुनीतानं हळूच विचारलं.

रंजनाताई म्हणाली, "मंग गप कोनाला करायचा? हसनाऱ्याला का पोरीला?"

मग सुनीताच म्हणाली, "दोन्ही शिकव. पन आपली सोडू नको."

सुकट-भाकरी खाऊन परतले, तरी चैन नव्हतं. अंगणवाडी वाचली, पण माझ्या घरातली आईची बोली?

हे वाचून झालं की आईला फोन लावा. तिच्याच बोलीत बोला. चुकाल, ती हसेल. तरीही पुस्तकी मराठीवर येऊ नका.