काकांची ठासणीची बंदूक

निवडणूक आली की आमच्या कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवाना घेतलेल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. यंदा काकांसोबत मीही गेले. त्यांची ठासणीची बंदूक टेबलावर आडवी झाली, तेव्हा पहिल्यांदा तिला नीट पाहिलं. दस्ता हाताच्या जागी झिजून गुळगुळीत झालेला, नळीला तार गुंडाळलेली आणि पट्टा म्हणून काकूच्या जुन्या लुगड्याचा काठ.

"काका, ही उडते तरी का?" हवालदार हसले.

"वर्षातून एकदा, तीही आभाळात. माकडांना खांद्यावर दिसली की पुरते."

कोयत्याची मूठ काय नि हा दस्ता काय, शेतातल्या वस्तू वापरून वापरून माणसाच्या अंगासारख्या घडत जातात. माणूसही त्यांच्यासारखा घडत जातो, हे मात्र मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळीच माकडं माडावर चढून शहाळी पाडायला लागली. काका तसेच रिकाम्या हाताने धावले. उजवा खांदा नेहमीसारखाच खाली कललेला. तो खांदा दिसला मात्र, माकडं पसार झाली.

बंदूक ठाण्यात होती. तिचं वजन तेवढं काकांनी जमा केलं नव्हतं.