घामाला आपल्यात काय म्हणतात?

मंडळी, मोडेम लावून बसलेय, फोन अडला म्हणून नवरा कुरकुरतोय. पण हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझी मृणाल हायस्कूलमध्ये लॅटिन शिकते. आज सकाळी ती पोस्टरवर शब्दाचं झाड काढत होती. बुंध्याशी 'सुदोर', म्हणजे घाम. इटालियनमध्ये 'सुदोरे', स्पॅनिशमध्ये 'सुदोर'च. पोर्तुगीजांनी मधला द गाळून 'सुओर' केलं, फ्रेंचांनीही तो गाळला आणि 'स्युअर' म्हणाले.

"आई, व्हॉट्स अवर्स?"

मी ऐटीत सांगितलं, "स्वेद! संस्कृत आहे. लॅटिनचं लांबचं भावंड." तिने खुशीत एक फांदी वाढवली.

नागपूरहून आलेल्या सासूबाई शेजारी भेंडी पुसत होत्या. "आपल्या घरात कोणाला कधी स्वेद आला गं? घाम लिही म्हणावं!"

"घाम त्या झाडावर बसत नाही हो, आई," मी वाद घातला. "तो 'घर्म'वरून आलाय, म्हणजे उष्णता."

दुपारी मृणाल लॉन कापून आत आली, लालबुंद. मी ओरडले, "आधी घाम पूस!"

तिने बाहीने पुसला. "आय नो, आई. आयॅम सो स्वेटी."

तेव्हापासून घरभर फेऱ्या मारतेय. शब्द तिला कळतो, तोंडात येत नाही. फ्रेंचांनी पिढ्यान् पिढ्या घालवून एक द गाळला. आमच्याकडे एका पिढीत अख्खा शब्द चाललाय, आणि मी पोस्टर सजवत बसले!

तुमची मुलं खेळून आली की काय म्हणतात? खरं सांगा. संस्कृत नको.