हुकमाबाहेरचं काळीज

“जे माझ्या हुकमाशिवाय राबतंय, त्याच्यावर म्या भरवसा कसा ठिवू?” गुंडाप्पा एकदा म्हणाला होता. स्वतःच्या काळजाबद्दल.

अणदूरच्या आडतीवर तो हमालांचा मुकादम. साठी ओलांडली तरी सोयाबीनचं पोतं स्वतः उचलायचा, आणि कुणी जास्तच गोड बोललं की त्याचा हेतू हुंगायचा. बायको उमादेवी पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली. कुणाच्या पाठीत लचक भरली की तो तिच्याकडं यायचा. तिनं पाय लावला की माणूस सरळ होतो, अशी सगळ्यांची खातरी. गुंडाप्पानं जगात ज्यावर कधी संशय घेतला नाही, तो एवढा तिचा पाय.

म्हणून संक्रांतीनंतर छातीत कळ आली, डावा हात जड झाला, तेव्हा तो थेट घरी येऊन पालथा पडला. “लचक हाय. लाव पाय.” तिनं लावला. काही वेळानं कळ थांबली.

पुढं चालताना धाप लागू लागली, तेव्हा तिनंच त्याला दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टरणीनं ईसीजी काढला.

“मामा, ती लचक नव्हती. काळजाचा एक तुकडा मेलाय. दंडाचा स्नायू तुम्ही सांगाल तेव्हा ओढतो, दमला की थांबतो, थोडा फाटला तर भरूनही येतो. काळजाचं तसं नाही. ते कुणी न सांगता आकसतं, सगळं एकमेकाला धरून. दोन ठोक्यांमध्ये मिळेल तेवढाच विसावा. आणि मेलेला भाग पुन्हा उगवत नाही, नुसता वण राहतो. उरलेलं वाचवायचं तर सोलापूरला जा. ओझं बंद.”

“सोलापूरवाल्याकडनं आडत मिळत असल हिला,” बाहेर येऊन गुंडाप्पा म्हणाला. “मलाच पोतं समजलीय.”

सोलापूरला तो गेलाच नाही. तेव्हापासून उमादेवी त्याच्यावर नजर ठेवून होती. भाकरी अर्धी राहायची. पायरीवर बसून तो चपलेचा अंगठा नीट करत राहायचा. अंगठा तुटलेलाच नसायचा. विचारलं तर, “काय न्हाय.”

आज भरदुपारी तो घामानं चिंब होऊन आला आणि पुन्हा पालथा पडला. उमादेवीनं आधी शेजारच्या शिवपुत्रला हाक मारून जीप दाराशी लावायला सांगितली.

“जीप कशाला? पाय लाव.”

“न्हाय लावणार.”

“तुझं बी कान भरलं व्हय त्या डॉक्टरणीनं?”

तिनं पाय लुगड्यात ओढून घेतले. “अहो, तवा कळ माझ्या पायानं थांबली न्हाय. म्या तुमच्या पाठीवर पाय ठिवून हुते आन् खाली काळीज मरत हुतं. आता परत माझ्याकडनं करवून घेऊ नका.”

गुंडाप्पा तिच्याकडं बघत राहिला, पोत्यात खडे निघाल्यासारखा. तिनं नजर खाली घातली नाही. बाहेर जीपचं इंजिन चालू होतं.

भिंतीला धरून तो उठला, आणि जीपकडं चालू लागला.