मागचीसाठी सोडलेली जागा

आधीच सांगते — मी गणित शिकवते, आणि आमच्या बाबांनी अंगारा-ताईत कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आले. आता तुम्ही मला हसा, हरकत नाही.

आमचं गाव बेल्याजवळ, आदिलाबाद जिल्ह्यात. लहानपणी मी आणि धाकटी शिलू आईबरोबर कापूस वेचायला जायचो. प्रत्येकीची आपापली पात, म्हणजे वेचायची ओळ. पुढं गेलेलीनं गाऊन विचारायचं, "मागची गं मागची, कुठवर आली?" मागचीनं म्हणायचं, "आली गं आली, तुझ्याच मागं आली." उत्तर येईपर्यंत पुढचीनं बोंडाला हात लावायचा नाही, असा नियमच होता. मागची कायम मी...

सहा वर्षांपूर्वी शिलूनं तेच गाणं डीजेच्या तालावर नागपूरला रेकॉर्ड करायचं ठरवलं. "ताई, दुसरा आवाज तुयाच पायजे," म्हणून हात धुऊन मागं लागली. मी फटकारलं, "वरातीतल्या गाण्यात मी? शाळेत काय तोंड दाखवू?"

तिनं दुसरी कोणी घेतली नाही. उत्तराच्या जागी नुसती ढोलकी ठेवली. पहिलंच गाणं, आणि काय गाजलं! जिल्ह्यात बोथपासून मावल्यापर्यंत एकही वरात त्याच्याशिवाय निघेना. त्या रिकाम्या जागेत लोक शिट्ट्या मारायचे. शिलू हैदराबादला गेली, मोठी गायिका झाली. आमचं बोलणं तुटलं ते तुटलंच. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं गेली. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी, भर दुपारी, मी शेतात एकटीच वेचत होते. धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधाच्या त्या बाजूला, शेजारच्या मंदाकाकू वेचत होत्या. मी मोबाईलवर शिलूचं गाणं लावलं. "...कुठवर आली?" मग ढोलकीचे चार ठोके, मग पुढचं कडवं — मला पाठ आहे.

चार झाले. आठ झाले. सोळा... ढोलकी वाजतच राहिली. मोबाईल हातात घेतला, गाणं चालूच होतं. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"आली गं आली..." कसंबसं म्हटलं. ढोलकी थांबेना.

"...तुझ्याच मागं आली," मी उत्तर पुरं केलं.

लगेच पुढचं कडवं सुरू झालं.

भास म्हणून सोडूनही दिलं असतं. पण संध्याकाळी गाठोडं बांधताना मंदाकाकू म्हणाल्या, "काऊन वो मॅडम, आज शिलू लय वेळ थांबली गाण्यात? तुमी बोलल्या, तवा हालली."

त्यानंतर ते गाणं मी कितीदा लावलं... घरी, शेतात, त्याच पातीत उभी राहून. चारच ठोके पडतात. मुद्दाम गप्प राहून पाहिलं, तरी चारच. हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. आता ती थांबत नाही, एवढं खरं. मी मात्र दर वेळी उत्तर देते.